घरचा छापखाना: गणपत कृष्णाजी

लग्नपत्रिका काय, व्हॅलेंटाइन कार्ड काय, हल्ली नेरडीगोंड्यातही घरी बसून मोबाईलवर तयार होतं. पण घरच्या घरी छापायची हौस आपल्या भाषेत जुनी आहे.

गणपत कृष्णाजी हे मुंबईचे, भंडारी समाजातले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला होते. तिथं ख्रिस्ती पुस्तकं छापली जाताना बघून त्यांच्या मनानं घेतलं, की आपल्या धर्माचीही पुस्तकं अशीच छापायची. शिकवणारं कुणी नव्हतं. त्यांनी घरीच लाकडी यंत्र बनवलं, दगडावर अक्षरं उमटवून पाहिली, शाईसुद्धा स्वतःच तयार केली. १८३१ साली त्यांचं छापील मराठी पंचांग निघालं. पुढे तर त्यांनी खिळेही स्वतः पाडले!

अडचण वेगळीच होती. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसं छापील पुस्तकाला हात लावीनात. गणपतरावांनी शाईत चरबीऐवजी तूप घातलं. (नुसत्या यंत्रापेक्षा मला हे डोकं मोठं वाटतं.) हळूहळू विटाळाची भीती गेली, आणि हाती लिहिलेलं पंचांग मागे पडून लग्नाचे मुहूर्त छापील पानावरून निघू लागले.