चित्रकार व्हायला गेलेला मुलगा रंग ओळखू शकला नाही, म्हणून महाराष्ट्राच्या शेतात लोखंडी नांगर आला

राळेगणसिद्धी म्हटलं की आपल्याला पाणी आठवतं. पारनेर तालुक्यातलं हे कमी पावसाचं गाव. बंधारे, पाझर तलाव, नालाबंडिंग अशी कामं झाली आणि विहिरींना पाणी आलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय.

पण विहिरीत पाणी आलं म्हणजे ते पिकाला मिळालं असं होत नाही. ते वर काढावं लागतं. विजेची मोटार गावागावात पोहोचायच्या आधी आणि पोहोचल्यावरही लाईट गेली की, अशा कोरडवाहू भागात हे काम डिझेल इंजिन करायचं. हँडल मारायचं आणि ते धडधडायला लागायचं.

आणि ते ऐन पाळीच्या वेळी बंदही पडायचं.

बहुतेक वेळा कारण साधं असायचं. टाकीतलं डिझेल संपायचं, नळीत हवा शिरायची आणि इंजिन गप्प. याला गावाकडं इंजिनानं हवा घेतली असं म्हणतात. मग गावातला एखादा नवशिका पोरगा पाना घेऊन बसायचा. आधी टाकी भरायची. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा आणि बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत थांबायचं. स्क्रू आवळायचा. मग तेच पंपापाशी. शेवटी नोझलकडं जाणाऱ्या नळीचा नट सैल करून हँडल फिरवायचं आणि तिथंही डिझेल आलं की नट घट्ट करायचा.

जुनी डिझेल जीप असो, ट्रॅक्टर असो की विहिरीवरचं इंजिन, नियम एकच. इंधन ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं आपण जायचं, एकेक भाग तपासायचा, मधला टप्पा सोडायचा नाही. हे शिकायला डिग्री लागत नाही. उघडून बघायची हिंमत लागते.

महाराष्ट्रात अशा इंजिनावर हमखास दिसणारं एक नाव म्हणजे किर्लोस्कर. ज्या माणसामुळं हे नाव कारखानदारीत आलं, तो स्वतः अशाच पद्धतीनं मशिन शिकला होता. त्याच्याकडंही इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती.

ही गोष्ट आहे लक्ष्मणराव किर्लोस्करांची.

चित्रकला सुटली, ड्रॉईंग उरलं

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा. गाव गुर्लहोसूर, आजच्या बेळगाव जिल्ह्यातलं. मराठी संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. म्हणजे घराण्याचं नाव आधी नाटकामुळं गाजलं आणि मग नांगरामुळं.

लक्ष्मणरावांचं मन शाळेच्या पुस्तकात फारसं रमलं नाही. त्यांना दोन गोष्टींची ओढ होती, चित्रं काढायची आणि यंत्रं बघायची. 1885 च्या सुमारास ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले.

दोनेक वर्षं गेली आणि एक गोष्ट लक्षात आली. लक्ष्मणरावांना काही रंगांमधला फरकच कळत नव्हता. आज आपण त्याला रंगांधळेपणा म्हणतो. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी हा शेवटच होता.

पण एका प्रकारच्या चित्राला रंग लागत नाहीत, ते म्हणजे यंत्राचं ड्रॉईंग. तिथं रेघ बरोबर लागते आणि माप बरोबर लागतं. लक्ष्मणराव तिकडं वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, मेकॅनिकल ड्रॉईंग शिकवायला लागले.

इथं खरी शाळा सुरू झाली. शिकवण्याचं काम संपलं की ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जायचे आणि मशिनवर हात चालवायचे. मशिनचा एखादा भाग कागदावर काढायचा असेल तर तो कुठं बसतो, कशाला जोडलेला आहे, काय केल्यावर काय हलतं, हे सगळं आधी समजावं लागतं. ड्रॉईंगचा मास्तर असा हळूहळू मेकॅनिक झाला.

पहिलं दुकान सायकलचं

याच काळात मुंबईच्या रस्त्यावर सायकल नावाची नवी वस्तू दिसायला लागली होती. लक्ष्मणरावांनी ती हेरली. मुंबईहून ते सायकली पाठवायचे आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकायचे, लोकांना चालवायलाही शिकवायचे. विक्री, दुरुस्ती, सुटे भाग असा सगळा कारभार. 1888 साली सुरू झालेला हा व्यवसाय म्हणजे किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात मानली जाते. बेळगावात किर्लोस्कर रोड आजही आहे.

योगायोग बघा, त्याच 1888 मध्ये तिकडं जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्यानं बनवलेली मोटारगाडी घेऊन दोन मुलांसोबत माहेरी निघाली होती. मॅनहाइम ते फोर्झहाइम, शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता. वाटेत इंधनाची नळी तुंबली. गॅरेज नावाची गोष्ट जगात नव्हती. तिनं टोपीची पिन काढली, नळी मोकळी केली आणि पुढं गेली. पेट्रोलपंपही नव्हते, तेव्हा इंधन म्हणून चालणारा द्रव तिनं औषधाच्या दुकानातून घेतला.

त्या काळात यंत्र हाताळणारा जवळपास प्रत्येक माणूस नवशिका होता. जो उघडून बघेल तोच मेकॅनिक. फरक एवढाच की जर्मनीत गाडी घरी बनत होती आणि आपल्याकडं सायकलसुद्धा बोटीनं यायची. लक्ष्मणरावांना नेमका हाच फरक बदलायचा होता.

मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. 1897 मध्ये लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

न खपलेले नांगर

बेळगावात छोटा कारखाना सुरू झाला. सुरुवातीला कडबा कापायचं यंत्र आलं आणि मग लोखंडी नांगर.

नांगरच का? कारण लाकडी नांगर वरची माती उकरतो. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा खोल मुळं धरून बसतात, तिथं तो कमी पडतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलटी करतो. असे नांगर विलायतेहून यायचे. लक्ष्मणरावांनी 1903 मध्ये तो इथंच बनवला.

पण गिऱ्हाईक मिळेना.

लोखंडानं जमिनीत विष भिनतं आणि पीक मरतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिले 40 नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगितलं जातं.

शेतकरी अडाणी होते म्हणून असं झालं, असं म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्या बाजूनं विचार करा. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार दुरुस्त करायचा, बलुत्यावर. लोखंडी नांगर मोडला तर कुणाकडं जायचं? एक हंगाम हुकला तर वर्ष गेलं. माहीत नसलेल्या वस्तूवर अख्खं वर्ष लावायला छातीच लागते. बाजारात उतरलेल्या प्रत्येक मशिनला या भीतीतून जावं लागतं. आधी वस्तू टिकली पाहिजे आणि मोडली तर दुरुस्त झाली पाहिजे, मगच विश्वास बसतो.

हळूहळू तो बसला. नांगर खपायला लागले.

आणि नेमक्या त्याच वेळी बेळगावच्या नगरपालिकेनं जागा सोडायला सांगितली. त्या भागात नवी वस्ती करायची होती. चालू कारखाना उचलून न्यायचा होता आणि जायला जागा नव्हती.

32 एकर निवडुंग

औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांना ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली आणि 10,000 रुपये बिनव्याजी कर्ज दिलं.

जमीन म्हणजे निवडुंगाचं रान. पाण्याची वानवा आणि सापांचा सुळसुळाट. 1910 मध्ये लक्ष्मणराव आपली माणसं आणि त्यांची कुटुंबं घेऊन तिथं राहायला गेले. आधी निवडुंग तोडला, मग घरं आणि शेड उभ्या केल्या. हीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. पुढं स्टेशनचं नावही तेच झालं.

या वाडीत कोण होतं हे बघण्यासारखं आहे. रामूअण्णांनी वसाहतीची जबाबदारी घेतली. शंभोराव जांभेकर कारखान्यातली यंत्रं सांभाळायचे. मंगेशराव रेगे हिशेब बघायचे. अनंतराव फळणीकरांचं शिक्षण शाळेतच सुटलेलं होतं, ते इथं डिझाईनचं काम करायला लागले. आणि रात्रीच्या पहाऱ्याला दरोड्याची शिक्षा भोगून आलेली दोन माणसं होती, त्यांच्यावर लक्ष्मणरावांचा पूर्ण भरवसा होता.

जो माणूस स्वतः सर्टिफिकेटशिवाय मशिन शिकला, त्यानं दुसऱ्याकडंही सर्टिफिकेट मागितलं नाही. काम येतं का आणि शिकायची तयारी आहे का, एवढंच बघितलं. वाडीत अस्पृश्यता पाळायला मनाई होती. 1910 च्या आसपास हे सोपं नव्हतं.

युद्ध आलं आणि सगळंच संपलं

1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. विलायती नांगर यायचे थांबले, त्यामुळं किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण लोखंड मिळेना, भट्टीला दगडी कोळसा मिळेना, नांगराला द्यायला रंगही मिळेना.

लक्ष्मणरावांनी इथंही तीच पद्धत वापरली. काम नेमकं कुठं अडलंय ते शोधायचं आणि तेवढं मोकळं करायचं.

लोखंडासाठी ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडं गेले. महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर बनले. दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा वापरला. रंग इथंच तयार करून घेतला. कारखाना बंद पडला नाही.

नांगरापासून इंजिनापर्यंत

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. त्याचंच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं आणि मग पाण्याचे पंप, अशी यादी वाढत गेली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून 1926 मध्ये इंजिनिअर होऊन आले. बापानं वर्कशॉपमध्ये जे हातानं शिकलं होतं, त्याची डिग्री मुलानं आणली.

1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स उभी राहिली आणि डिझेल इंजिन शेतकऱ्याच्या विहिरीवर पोहोचलं.

ज्या शेतकऱ्याला कधीकाळी लोखंडाची भीती वाटत होती, त्याचीच पुढची पिढी आता लोखंडाचं इंजिन चालवत होती. नुसतं चालवत नव्हती, बंद पडलं तर उघडत होती. फिल्टर कुठला, पंप कुठला, हवा कुठून काढायची हे गावातल्या पोरांना तोंडपाठ झालं. पारनेर, जत, माण अशा दुष्काळी तालुक्यांत या शिक्षणाला मोठी किंमत होती. तालुक्याहून मेकॅनिक येईपर्यंत पीक थांबत नाही.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

आजची गाडी बिघडली तर आपण बॉनेट उघडतही नाही, टोल फ्री नंबर शोधतो. सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या गाडीत प्रत्येक गोष्ट घरी होणार नाही, हे खरंच आहे. पण घरात जुनी जीप किंवा आजोबांच्या काळातलं इंजिन पडून असेल, तर कुणीतरी जाणता माणूस शेजारी घ्या, आगकाडी आणि बिडी लांब ठेवा आणि टाकीपासून सुरुवात करा. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या हातात सुरुवातीला यापेक्षा फार काही नव्हतं.