अर्देशीर कर्सेटजी वाडिया

अर्देशीर कर्सेटजी वाडिया (६ ऑक्टोबर १८०८, मुंबई – १६ नोव्हेंबर १८७७, रिचमंड, इंग्लंड) हे मुंबईचे जहाजबांधणीकार आणि बाष्पयंत्रांचे अभियंते होते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळविणारे ते पहिले भारतीय होत. शिडाच्या जहाजांकडून आगबोटींकडे झालेल्या स्थित्यंतरात मुंबईच्या गोदीतील त्यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते.

पूर्वपीठिका

अर्देशीर यांचे पूर्वज लवजी नसरवानजी वाडिया हे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या कामासाठी सुरतेहून मुंबईस आले. तेव्हापासून मुंबईच्या गोदीतील जहाजबांधणी या घराण्याकडे होती. सागवान पारखणे, तासणे आणि जोडणे ही त्यांची पिढीजात विद्या. अर्देशीर १८२२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी गोदीत दाखल झाले. मात्र त्यांचे मन लाकडापेक्षा यंत्रांत अधिक रमले. वयाच्या पंचविशीत, १८३३ मध्ये, त्यांनी माझगाव येथे ‘इंडस’ नावाची ६० टनी नौका बांधून तिच्यावर बाष्पयंत्र बसविले. १८३४ मध्ये त्यांनी माझगावातील आपले घर व बाग वायुदिव्यांनी उजळविली.

शक्तीचे वेगात रूपांतर

यंत्र कितीही बलवान असले, तरी त्याची शक्ती पाण्याला देता आली नाही तर नौका हलत नाही. पाणी जितक्या जोराने मागे ढकलले जाते, तितक्याच जोराने नौका पुढे रेटली जाते. त्या काळी हे काम नौकेच्या दोन्ही बाजूंना बसविलेली वल्ह्यांची चाके करीत. चाकाची सर्वांत खालची फळी पाणी सरळ मागे लोटते. परंतु पाण्यात शिरणारी फळी ते खाली दाबते आणि बाहेर पडणारी वर उचलते. त्यात बरीच शक्ती वाया जाते. नौका डोलू लागली की एक चाक खोल बुडते, तर दुसरे हवेत फिरते. कोळशाच्या वजनाचाही प्रश्न होता. मुंबईतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये सुएझला निघाली, तेव्हा कोळशाच्या भाराने ती पाण्यात फार खोल रुतली होती.

नौकेच्या मागील भागी पाण्याखाली फिरणारा मळसूत्री पंखा हा यावरील उपाय ठरला. फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांच्या पंख्यावर चालणाऱ्या ‘आर्किमिडीज’ या आगबोटीच्या चाचण्या इंग्लंडमध्ये १८३९ मध्ये झाल्या. १८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाने सुमारे २०० अश्वशक्तीच्या दोन नौका शेपटीला शेपटी बांधून विरुद्ध दिशांना चालविल्या. पंख्याच्या ‘रॅटलर’ने चाकांच्या ‘अलेक्टो’ला दोन नॉटांहून अधिक वेगाने मागे ओढत नेले.

आजच्या शर्यतीच्या बोटींचे गणितही याच तत्त्वावर चालते. एका फेऱ्यात ५० सेंमी पुढे सरकेल अशा पिळाचा पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर हिशेबाने बोटीचा वेग ताशी ९० किमी असावयास हवा. पाणी काही अंशी मागे निसटते; ही घट १० टक्के धरल्यास वेग ८१ किमी उरतो. पीळ वाढविला तर प्रत्येक फेऱ्यात बोट अधिक अंतर जाऊ शकते. पण यंत्रावरचा भारही वाढतो. त्यामुळे यंत्र आणि पंखा यांची जोडी जुळवावी लागते.

इंग्लंडचा प्रवास आणि मुख्य अभियंतापद

आगबोटींच्या यंत्रांचा अभ्यास करण्यासाठी अर्देशीर १८३९ मध्ये इंग्लंडला गेले. तेथील वर्षभराच्या वास्तव्याचे वृत्त त्यांनी १८४० मध्ये लंडन येथे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. मुंबईस परतल्यावर १ एप्रिल १८४१ रोजी कंपनीच्या बाष्पयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांच्या हाताखाली युरोपीय कारागीरही होते. एतद्देशीय माणसाचा हुकूम हे गोरे कारागीर मानतील काय, अशी शंका मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रसृष्टीत उघडपणे व्यक्त झाली. त्याच वर्षी २७ मे रोजी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. वृत्तपत्रातील शंकेला खरे उत्तर मात्र त्यांच्या कारकिर्दीनेच दिले : ते १८५७ पर्यंत या पदावर होते.

१८४९ मध्ये त्यांनी अमेरिकेचा प्रवास केला आणि लाकूड कापण्याची यंत्रे मुंबईस आणली. १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट जलावतरित केली. तिच्या यंत्राचे भाग त्यांनी स्वतःच्या ओतशाळेत तयार करविले होते.

मुंबईच्या गोदीत १८५४ मध्ये बांधलेल्या ‘पंजाब’ या चाकांच्या युद्धनौकेची कथा या स्थित्यंतराची दुसरी बाजू दाखविते. १८६३ मध्ये विकली गेल्यावर तिचे यंत्र काढून टाकण्यात आले आणि ‘द ट्वीड’ या नावाने ती शिडाचे वेगवान जहाज म्हणून नावारूपास आली. वेग केवळ यंत्रावर नव्हे, तर नौकेच्या घडणीवरही अवलंबून असतो, हे त्यातून दिसते. वाडिया घराण्याची पिढीजात विद्या हीच होती.

अखेरची वर्षे

निवृत्तीनंतर अर्देशीर इंग्लंडला गेले. १८६१ मध्ये सिंधू नदीवर आगबोटी चालविणाऱ्या इंडस फ्लोटिला कंपनीचे अधीक्षक अभियंता म्हणून ते परत आले. १८६३ मध्ये ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि रिचमंड येथे स्थायिक झाले. तेथेच त्यांचे निधन झाले. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांच्यानंतर मिळविणारे दुसरे भारतीय म्हणजे गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन. त्यांची निवड १९१८ मध्ये, म्हणजे ७७ वर्षांनी झाली. भारतीय टपाल खात्याने १९६९ मध्ये अर्देशीर यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.