आगरकर : घरातल्या प्रश्नांना अग्रलेखाचा मान

कोणत्या विषयाला किती जागा द्यायची, हा वृत्तपत्राच्या कचेरीतील रोजचा प्रश्न. याच प्रश्नावरून हाताशी असलेले पत्र सोडण्याची वेळ मराठी पत्रसृष्टीत एका संपादकावर आली. ते संपादक म्हणजे गोपाळ गणेश आगरकर.

कराडजवळील टेंभू येथे १४ जुलै १८५६ रोजी आगरकरांचा जन्म झाला. गरिबीशी झगडत त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून एम. ए. केले, मात्र सरकारी नोकरीकडे पाठ फिरवली. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ निघाला तेव्हा त्याचे संपादकपद आगरकरांकडे, तर इंग्रजी ‘मराठा’चे टिळकांकडे होते. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाचे प्रकरण या पत्रांनी लावून धरले. मात्र आधाराला घेतलेली पत्रे न्यायालयात टिकली नाहीत आणि बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

तुरुंगात एकत्र राहिलेल्या या मित्रांमध्ये पुढे अग्रक्रमावरून फूट पडली. टिळकांना राजकीय प्रश्न आधी हवे होते. आगरकरांच्या लेखी बालविवाह, विधवांचे केशवपन आणि स्त्रीशिक्षण हे उद्यावर ढकलण्याचे विषय नव्हते. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केले. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी घेतली.

१८९० मध्ये फुलमणी दासी या कोवळ्या वयाच्या विवाहितेच्या मृत्यूचा खटला कलकत्त्यात गाजला. मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षे करणारे विधेयक त्यानंतर आले. पुण्यातील दोन साप्ताहिकांनी एकाच घटनेचे महत्त्व वेगवेगळ्या ठिकाणी पाहिले. ‘केसरी’ला परक्या सरकारचा धर्मातील हस्तक्षेप खुपला, ‘सुधारक’ने मुलींच्या जिवाचा प्रश्न पुढे ठेवला. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला.

आगरकरांना त्याची किंमत मोजावी लागली. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळत, दम्याशी झुंजत त्यांनी लेखणी चालूच ठेवली. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

वाचकांना रुचेल ते छापणे त्यांना सहज शक्य होते. वाचक ज्याकडे डोळेझाक करीत, तेच आगरकरांनी दर आठवड्याला त्यांच्यासमोर मांडले.