पर्वतावर नाडी मोजणारा प्राध्यापक

हिमालयातल्या आठ-दहा दिवसांच्या ट्रेकला हल्ली मुंबई-पुण्याहून दर मोसमात तुकड्याच्या तुकड्या निघतात. निघण्याआधी दोन महिने जिने चढायचा सराव होतो, सिंहगडाच्या चार फेऱ्या होतात. तरीही साडेतीन हजार मीटरवरच्या मुक्कामात एखादा धडधाकट तरुण डोके धरून तंबूत पडतो आणि त्याच तुकडीतल्या साठीच्या काकू मात्र निवांत चहा पीत बसलेल्या दिसतात. दमसास आणि उंचीचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पर्वतावर जाऊन मोजमापासह लिहून ठेवणाऱ्या पहिल्या काही माणसांत जीनिव्हाच्या एका प्राध्यापकाचे नाव घ्यावे लागते. त्यांचे नाव होरेस-बेनेडिक्ट द सोसूर.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सोसूर हे आडनाव ओळखीचे असेल. ते फर्डिनांड द सोसूर या होरेस यांचे पणतू. होरेस यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७४० रोजी जीनिव्हाजवळ एका सधन घराण्यात झाला. लहानपणापासून वनस्पती गोळा करण्याचा नाद होता, त्यापायी डोंगर पालथे घालायची सवय लागली. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी ते जीनिव्हाच्या अकादमीत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. तेव्हा या विषयात भौतिकशास्त्रही येत असे.

त्याआधीच, १७६० मध्ये, ते आल्प्समधल्या शामोनी गावी गेले होते. समोर माँ ब्लाँ उभा होता. सुमारे ४,८०८ मीटर उंचीच्या या शिखरावर तोवर कोणी पोहोचले नव्हते. वर जायची वाट शोधणाऱ्याला बक्षीस देऊ, असे सोसूर यांनी गावात जाहीर केले. वाट मात्र लगेच सापडली नाही. १७६७ मध्ये त्यांनी या पर्वतसमूहाला खालून पूर्ण वळसा घातला. आज फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाणारी सुमारे १७० किलोमीटरची ही प्रदक्षिणा जगातल्या नावाजलेल्या ट्रेकपैकी एक आहे. साधारण दहा दिवस लागतात.

पुढची वीस वर्षे ते दर थोड्या काळाने आल्प्समध्ये जात राहिले. हवेतला दमटपणा मोजण्यासाठी माणसाच्या केसाचा उपयोग करणारे उपकरण त्यांनी तयार केले. केस ओलसर हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो, एवढ्या साध्या गोष्टीवर ते चाले. काचेची झाकणे बसवलेल्या पेटीत उन्हाची उष्णता कोंडून किती तापमान गाठता येते, याचेही प्रयोग त्यांनी केले. आजच्या सौरचुलीचे मूळ त्या पेटीत आहे.

बक्षीस जाहीर झाल्यानंतर सव्वीस वर्षांनी, ८ ऑगस्ट १७८६ रोजी, स्फटिक शोधण्यासाठी डोंगर धुंडाळणारा जाक बाल्मा आणि शामोनीचे डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार हे दोघे शिखरावर पोहोचले. पुढच्याच वर्षी सोसूर स्वतः निघाले. वय ४७. बरोबर एक नोकर आणि १८ वाटाडे. हिमभेगा ओलांडायला शिडी, तंबू, खाणेपिणे आणि सगळ्यांत नाजूक ओझे म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या काचेच्या नळ्या. हे सारे वाटाड्यांच्या पाठीवर होते.

१ ऑगस्ट १७८७ रोजी तांडा शामोनीहून निघाला. गाव हजारेक मीटर उंचीवर आहे. पहिला मुक्काम सुमारे अडीच हजार मीटरवर झाला, दुसरा थेट ३,९०० मीटरच्या आसपास, बर्फाच्या एका पठारावर. झोपायच्या जागेची उंची एका दिवसात जवळजवळ १,४०० मीटरने वाढली. आजचा कोणताही जबाबदार ट्रेक लीडर असा मुक्काम आखणार नाही.

त्या संध्याकाळी जे झाले ते सोसूर यांनी बारकाईने नोंदवले. तंबूसाठी बर्फ उकरायला घेतले, तर पाच-सहा फावडी टाकताच वाटाड्यांना धाप लागून थांबावे लागे. सात-आठ तासांची चाल ज्यांना काहीच वाटत नसे, अशी ही माणसे. एक जण वाटेत दिसलेले पाणी आणायला मागे गेला, पण त्रास होऊन रिकाम्या हाताने परतला आणि रात्रभर तळमळत राहिला. कोणाला भूक नव्हती, तहान मात्र भागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या चढावर पंधरा-सोळा पावले टाकली की सोसूर यांना दम घ्यायला थांबावे लागत होते. अकराच्या सुमारास ते शिखरावर पोहोचले. खाली शामोनीत त्यांची पत्नी दुर्बीण लावून बसली होती. पण ज्या क्षणाची सत्तावीस वर्षे वाट पाहिली, त्या क्षणी आनंदापेक्षा त्रागाच जास्त वाटला, असे त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे.

मग ते कामाला लागले. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आलेला दिसला. पाणी उकळायला अर्धा तास लागला आणि ते खालच्यापेक्षा कमी तापमानाला उकळले. स्वतःची नाडी मोजली तर मिनिटाला १०० ठोके. शामोनीला परतून विश्रांती घेतल्यावर तीच ७२ भरली. नोकराची आणि एका वाटाड्याची नाडीही शिखरावर खालच्यापेक्षा जवळपास दुप्पट होती. समुद्रकिनारी तीन तासांत उरकणारे प्रयोग शिखरावर साडेचार तासांतही पुरे झाले नाहीत. स्वस्थ बसले की बरे वाटे, उपकरणाकडे वाकून लक्ष देऊ लागले की धाप लागे.

याचे कारण विरळ हवेत आहे, हे सोसूर यांनी ओळखले होते. नेमका उलगडा व्हायला मात्र जवळजवळ शतक लागले. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण उंचावरही २१ टक्केच असते. पण दाब कमी झाल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो आणि रक्तात कमी उतरतो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिले. हृदय जोराने धावते ते ही तूट भरून काढण्यासाठी. वेळ मिळाला तर शरीर इतरही उपाय करते. श्वास खोल आणि जलद होतो, काही आठवड्यांत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. दंडाच्या स्नायूंचा किंवा सिंहगडाच्या फेऱ्यांचा याच्याशी फारसा संबंध नाही.

वेळ दिला तर काय होते, याची झलक पुढच्याच वर्षी दिसली. जुलै १७८८ मध्ये सोसूर मुलाला बरोबर घेऊन सुमारे ३,३६० मीटर उंचीच्या कोल द्यू जेआँ या खिंडीत गेले आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ तंबू ठोकून राहिले. उंची शिखरापेक्षा कमी होती हे खरे, पण वादळे सोसत त्यांनी तिथे रात्रंदिवस हवामानाच्या नोंदी ठेवल्या.

उतारवय मात्र कष्टाचे गेले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत संपत्ती गेली, १७९४ पासून पक्षाघाताने शरीर खचत गेले. तशाही अवस्थेत आल्प्सच्या प्रवासांवरील ग्रंथाचा चौथा आणि शेवटचा खंड १७९६ मध्ये बाहेर आला. २२ जानेवारी १७९९ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

१८२० मध्ये माँ ब्लाँच्या चढाईत हिमप्रपातात तीन वाटाडे दगावले. पुढच्या वर्षी शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली, ती आजही चालू आहे. डोंगरात कोणाचे ऐकायचे, हा प्रश्न तेव्हाही होता.

सोसूर यांच्या त्या दुसऱ्या मुक्कामाचा धडा आज नियमात उतरला आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम वाढवावा. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती दिसली तर आणखी वर जायचे नाही. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचे आणि वैद्यकीय मदत घ्यायची. गोळ्या घ्यायच्या तर त्या निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून.

आणि त्रास होत असेल तर लीडरला सांगायला लाजू नये. माँ ब्लाँवर पंधरा पावलांनी थांबावे लागले, हे सोसूर यांनीही लपवले नव्हते.