टायरची हवा, बीपी आणि चक्रीवादळ: ज्याच्या नावाने दाब मोजतात तो पास्कल कोण होता?

टायरमध्ये हवा भरताना तुम्ही ३२ सांगता. डॉक्टर बीपी १२० आहे म्हणतात. चक्रीवादळाच्या बातमीत ९९० असा आकडा येतो. तिन्ही ठिकाणी मोजला जातो तो दाबच, फक्त एककं वेगळी आहेत: पीएसआय, पाऱ्याचे मिलिमीटर आणि हेक्टोपास्कल. यांचा हिशेब ज्या एककात जुळतो, त्याला नाव आहे ब्लेझ पास्कल यांचं.

वडिलांसाठी बनवलं यंत्र

पास्कल यांचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे झाला. आई लहानपणीच गेली. वडिलांनी मुलांना घरीच शिकवलं. पुढे वडिलांकडे करवसुलीचं काम आलं. तेव्हा फ्रान्समध्ये १ लिव्र म्हणजे २० सोल आणि १ सोल म्हणजे १२ दनिए. आपल्याकडच्या जुन्या रुपये-आणे-पैसारखाच किचकट मामला! वडिलांचे कष्ट पाहून १९ वर्षांच्या ब्लेझने १६४२ मध्ये बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवायला घेतलं.

डोंगरावर गेलेला पारा

इटलीत टॉरिसेली यांनी दाखवलं होतं की, पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरली तर पारा सुमारे ७६ सेंटीमीटरवर थांबतो. वर रिकामी जागा उरते. पण निसर्गाला पोकळी चालतच नाही, असं तेव्हाचे बहुतेक विद्वान मानत. मग पारा कोण तोलून धरतं?

पास्कल यांचा तर्क सोपा होता. हवेच्या वजनाने पारा तोलला जात असेल, तर उंचावर हवा कमी, म्हणून पाराही खाली यायला हवा. ते स्वतः पॅरिसमध्ये होते आणि तब्येतीने कायम त्रस्त. म्हणून त्यांनी हे काम थोरल्या बहिणीचे पती फ्लोरँ पेरिए यांच्यावर सोपवलं.

१९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए प्वी द डोम डोंगरावर चढले. शिखरावर पारा सुमारे ८ सेंटीमीटरने खाली आला. पायथ्याशी एक नळी दिवसभर नजरेखाली ठेवली होती. तिच्यातला पारा हलला नाही. म्हणजे बदल हवामानाचा नव्हता, उंचीचा होता. आजच्या हिशेबात हा फरक साधारण १०,७०० पास्कल भरतो.

३९ व्या वर्षी शेवट

१६५४ नंतर पास्कल धर्मचिंतनाकडे वळले. १६६२ मध्ये त्यांच्या कल्पनेतून पॅरिसमध्ये ठरावीक मार्गांवर भाड्याच्या सार्वजनिक घोडागाड्या धावल्या. त्याच वर्षी १९ ऑगस्टला ते गेले. दाबावरचा त्यांचा ग्रंथ छापून आला तो पुढच्या वर्षी. दाबाच्या एककाला त्यांचं नाव मिळालं १९७१ मध्ये.

आता तुमचे आकडे बदला

१ पास्कल फारच छोटा असतो. टेबलावर पसरलेला साधा कागदही जेमतेम एवढाच दाब देतो. म्हणून किलोपास्कल (१,०००) आणि हेक्टोपास्कल (१००) वापरतात.

- टायर: १ पीएसआय म्हणजे सुमारे ६,८९५ पास्कल. ३२ पीएसआय म्हणजे जवळपास २२० किलोपास्कल, किंवा २.२ बार.
- बीपी: पाऱ्याचा १ मिलिमीटर म्हणजे सुमारे १३३ पास्कल. १२० म्हणजे १६ किलोपास्कल.
- हवामान: १ हेक्टोपास्कल म्हणजे १ मिलिबार. समुद्रसपाटीला हवेचा प्रमाण दाब १,०१३.२५ हेक्टोपास्कल, म्हणजेच ७६० मिलिमीटर पारा.

टायर आणि बीपीचे आकडे बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त आहे, ते सांगतात. हवामानाचा आकडा मात्र हवेचा पूर्ण दाब असतो. त्यामुळे आकड्यांची तुलना करण्याआधी एकक तर बघाच, पण मोजणी कुठून सुरू झाली तेही बघा.