जेम्स पार्किन्सन : थरथरणारे हात नीट पाहणारा डॉक्टर

बँकेत असताना पेन्शनच्या दिवशी काही ज्येष्ठ खातेदारांची सही नमुन्याशी जुळत नसे. अक्षर बारीक होत गेलेले, रेघ थरथरलेली. वय झाले म्हणून आम्ही नवी नमुना सही घेत असू. त्यांतल्या कुणाला कंपवात असेल, हे तेव्हा मनातही येत नसे. हा आजार ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या जेम्स पार्किन्सन यांच्याविषयी वाचताना त्या सह्या आठवल्या.

पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. वडील वैद्यकीय व्यवसायात होते. त्यांच्या हाताखाली शिकून जेम्स यांनी तोच दवाखाना पुढे चालवला. गरिबांची बाजू घेणारी पत्रके ते ‘ओल्ड ह्युबर्ट’ या टोपणनावाने लिहीत. १७९४ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याला मारण्याच्या कथित कटाच्या चौकशीत त्यांना प्रिव्ही कौन्सिलपुढे साक्ष द्यावी लागली. तेथे त्यांनी ती पत्रके आपलीच असल्याचे कबूल केले. जीवाश्मांचा त्यांना मोठा नाद होता. त्यावर त्यांनी तीन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि १८०७ मध्ये लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी स्थापन करणाऱ्यांत ते होते.

१८१७ साली, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्यांनी कंपवातावर ६६ पानांची पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यात अवघ्या सहा रुग्णांची हकिगत आहे. त्यांतले काही तर त्यांना रस्त्यातच दिसले होते आणि एकाला त्यांनी केवळ लांबून पाहिले होते. हाताची थरथर अनेक कारणांनी होते, पण या रुग्णांचा हात स्वस्थ असताना थरथरतो, पुढे वाकून चालताना पावले आपोआप भराभर पडू लागतात, हे त्यांनी टिपले. दोष मणक्यातील मज्जारज्जूच्या वरच्या भागात असावा, हा त्यांचा अंदाज मात्र चुकला. शवविच्छेदन करता आले नाही, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले आणि पुढचा शोध इतरांवर सोपवला.

२१ डिसेंबर १८२४ रोजी ते वारले. पुढे पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी या आजाराला त्यांचे नाव दिले. १९१९ मध्ये त्रेत्याकॉफ यांनी मेंदूच्या मुळाशी असलेल्या काळसर पेशींकडे बोट दाखवले. १९६० मध्ये व्हिएन्नात कळले की या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असते.

आज जिवंत माणसाच्या मेंदूतील ही उणीव डॅट स्कॅनमध्ये दिसते. शिरेतून अल्पसा किरणोत्सारी पदार्थ देऊन काही तासांनी चित्र काढतात. निरोगी मेंदूत दोन स्वल्पविराम दिसतात. कंपवातात त्यांची शेपटी पुसट होत जाते आणि पूर्णविरामासारखा ठिपका उरतो. कप धरताना, लिहिताना हात थरथरणाऱ्या ‘इसेन्शियल ट्रेमर’मध्ये स्वल्पविराम शाबूत राहतात. दोन्ही आजारांची औषधे वेगळी असल्याने हा फरक कळणे महत्त्वाचे. मात्र कंपवातासारखेच दिसणारे पीएसपी आणि एमएसए हे आजार या स्कॅनवरून वेगळे काढता येत नाहीत, कारण त्यांतही शेपटी पुसट होते. तेथे एमआरआयची मदत होते. पीएसपीत मध्यमेंदू झिजल्याने बाजूने घेतलेल्या चित्रात हमिंगबर्ड पक्ष्यासारखा आकार दिसू शकतो.

तरीही स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. अनुभवी न्यूरॉलॉजिस्ट रुग्णाला चालायला लावून, हात पाहून, लिहायला सांगून बरेच ओळखतात. म्हणजे पार्किन्सन यांचीच पद्धत.

त्यांचे एकही खात्रीचे चित्र आज उपलब्ध नाही. इतरांना इतके बारकाईने पाहणाऱ्या या माणसाचा चेहरा आपल्याला माहीत नाही. ११ एप्रिल, त्यांचा जन्मदिन, आता जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. घरातल्या आजी-आजोबांचा हात थरथरू लागला, अक्षर बारीक झाले, तर वयाचे कारण देऊन सोडून देऊ नका. एकदा डॉक्टरांना जरूर दाखवा.