मल्लविद्येचे आचार्य बाळंभटदादा देवधर

पेशवाईचा इतिहास वाचताना लढाया आणि तह यांच्या गर्दीत एका शिक्षकाचे नाव सहज मागे पडते. ते नाव बाळंभट जनार्दन देवधर यांचे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे ते व्यायामगुरू आणि लोप पावत चाललेल्या मल्लखांबविद्येचे पुनरुज्जीवक होत. शिष्यपरंपरा त्यांना आदराने बाळंभटदादा म्हणते.

मल्लखांब त्यांनी नव्याने निर्माण केला, असे मात्र नव्हे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात खांबावरील व्यायामाचा उल्लेख सापडतो. पुढे ही विद्या मागे पडली. बाळंभटदादांविषयी आख्यायिका अशी की, निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे दोन नामांकित मल्ल पुण्यास आले व त्यांनी पेशव्यांच्या दरबारी कुस्तीचे आव्हान दिले. कोणी पुढे येईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते स्वीकारले, तयारीसाठी मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगी गडावर जाऊन उपासना केली. तेथे मारुतिरायाने दृष्टांत देऊन खांबावरील डाव शिकविले, अशी श्रद्धा आहे. परतल्यावर त्यांनी अलीला चीत केले, आणि गुलाबने लढण्याचेच टाळले.

दृष्टांताचा भाग श्रद्धेचा. परंतु या कथेत शिक्षणाचे एक मर्म आहे. कुस्तीला जोडीदार लागतो, आणि बलवान जोडीदारापुढे नवशिका मुलगा दबून जातो. खांब कोणाला दाबत नाही. बुंध्याशी जाड व शेंड्याकडे निमुळत्या अशा त्या सागवानी किंवा शिसवी खांबावर एरंडेल चोळून विद्यार्थी प्रथम अढी शिकतो, मग तेढी, बगली, दसरंग. मांड्यांची पकड, श्वास आणि तोल साधल्यावाचून गुरू पुढची पायरी शिकवीत नाही. एकाच खांबावर लहान-मोठे सारे आळीपाळीने शिकतात; धाकट्यास थोरल्याचे पाहून शिकता येते.

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. बाजीरावांनी कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ती, म्हणजे बिठूरला, वास्तव्य केले. त्यांच्याबरोबर अनेक मराठी कुटुंबेही गंगाकाठी गेली. राज्य गेले, दरबार संपला; पण बाळंभटदादांची विद्या बिठूरच्या आखाड्यात जिवंत राहिली. नानासाहेब पेशवे आणि बालपणीची मनू, पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई, यांनी तेथेच मल्लखांबाचे धडे घेतले, असे परंपरा सांगते. त्यांचे शिष्य कोंडभट गोडबोले यांनी काशीत आखाडा चालविला, आणि तेथून शिष्यांमागून शिष्य निघाले. राजाश्रय सुटल्यावरही विद्या टिकली, ती गुरूने स्वतःच्या कौशल्याहून शिकवण्याला अधिक मान दिला म्हणून.

पुढील शतकात हा वारसा दूरवर पसरला. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. २०१३ साली मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान दिला. आणि आपल्या छत्तीसगडात, नारायणपूरच्या अबूझमाड मल्लखांब अकादमीतील आदिवासी मुलांच्या चमूने २०२३ मध्ये दूरचित्रवाणीवरील राष्ट्रीय कलास्पर्धा जिंकली. ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही, अशा मुलांनी ही विद्या आपली केली, हे बाळंभटदादांच्या परंपरेला शोभणारेच आहे.

घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या चरित्रातून एक प्रश्न सामोरा येतो. रायपूरच्या गोलबाजारात बारशापासून बाराव्यापर्यंत लागणारी प्रत्येक वस्तू मिळते, असे म्हणतात. दोर मिळेल, एरंडेल मिळेल, खांबही घडवून घेता येईल. परंतु रोज सायंकाळी मुलांना हाताशी धरून शिकविणारा माणूस बाजारात मिळत नाही. तो आपल्यातूनच तयार व्हावा लागतो. गणेशोत्सवात एक दिवस प्रात्यक्षिक पाहून टाळ्या वाजविणे सोपे आहे. वर्षभर दहा मुलांचा वर्ग चालविणे कठीण. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या तरुणांपैकी दोघा-तिघांनी जरी हे कठीण काम पत्करले, तरी बाळंभटदादांचे स्मरण सार्थ होईल.